माझ्या शेजारची नळी

प्रयोगशाळेत आमच्याकडे तेव्हा दोन यंत्रं होती आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगामागे जो विषाणू असतो, तो अंगात आहे का, एवढंच पहिलं यंत्र सांगायचं. तो नुसता बसून आहे की कामाला लागलाय, ते दुसरं शोधायचं. एकाच बाईचा नमुना दोन्हींवर लावायचा आणि कोणावर किती विसंबायचं ते ठरवायचं, हे माझं काम. दोघांचं एकमत झालं तर बाईला निकाल कळवायचा. नाही झालं तर अभ्यास संपेपर्यंत गप्प बसायचं. हा नियम मीच लिहिला होता. अर्धवट काहीतरी सांगून बायकांना घाबरवू नये, असं बैठकीत तावातावानं बोलले होते.

मांजरी गावातल्या तपासणी शिबिरात बायका सतरंजीवर नुसत्याच बसून राहिल्या. पडद्याआड जाऊन आपला आपणच काडीनं नमुना घ्यायचा, पाच मिनिटांचं काम, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते. शेवटी उसाच्या लागणीच्या कामावरून तशीच आलेली एक बाई म्हणाली, "ताई, एवढं सोपं हाय तर आदी तुमी घ्या की." सगळ्या हसल्या. मला राग आला आणि त्या रागाच्या भरात मी पडद्याआड गेले. माझ्या मागोमाग ती. माझी नळी एकेचाळीस नंबरची, तिची बेचाळीस.

चार दिवसांनी दोन्ही नळ्यांवर पहिलं यंत्र हो म्हणालं, दुसरं नाही.

शेजारशेजारच्या नळ्या अशा एकदम आल्या की आमच्याकडे पहिला संशय हातावर जातो. ट्रे भरताना एकीचा थेंब दुसरीच्या खाचेत उडाला असेल. म्हणजे विषाणू दोघींपैकी एकीचाच. मी दोन्ही नमुने पुन्हा लावले, या वेळी ट्रेच्या दोन टोकांना.

निकालाला तीन-साडेतीन तास लागायचे. मला एका जागी बसवेना. खिडकीशी जायचं, परत यायचं, यंत्राच्या पडद्यावर उरलेली मिनिटं बघायची. शिबिरात मी ठणकावून सांगितलं होतं, हा विषाणू शरीरसंबंधातून कित्येकींना लागतो, बहुतेकींचा आपोआप जातो, नवऱ्यावर संशय घेऊ नका. आणि आता मीच नवऱ्याचे हिंजवडीच्या ऑफिसातले उशिराचे दिवस आठवत होते. "ट्रॅफिकमध्ये अडकलोय," असा त्याचा रोजचाच मेसेज आला, तर तोही मला खोटा वाटला.

आणखी एक गोष्ट मनात आली, ती लपवत नाही. माझा नको, तिचा असू दे. मी देवाधर्मातली नाही, तरी हे हात जोडून म्हटलं. तिचा चेहरा नीट आठवत होता, तरीही म्हटलं.

माझा स्वच्छ आला. तिच्या नमुन्यावर पहिलं यंत्र पुन्हा हो म्हणालं, दुसरं पुन्हा नाही. मी डबा उघडला आणि गार झालेली पोळी-भाजी चाटूनपुसून खाल्ली. हात धुताना नियम आठवला. नियमाप्रमाणे आता तिला कोणीच काही सांगणार नव्हतं.

आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "नियम कोणी लिहिलाय?"

"मी."

"मग वाचताही येत असेल."

"माझा निकाल अर्धवट होता तेव्हा मला साडेतीन तास दम निघाला नाही, सर. तिनं अभ्यास संपेपर्यंत थांबायचं?"

त्यांनी नियमाचा कागद पुढ्यात ओढला. "एकीला सांगितलंत तर अशा सगळ्याजणींना सांगावं लागेल. पुढची तपासणीही करून द्यावी लागेल."

"देऊ."

"मग सुरुवात आपणच करा."

दुसऱ्या दिवशी मांजरीला गेले. नव्या इमारतींच्या मागे तिचं पत्र्याचं घर होतं. रिक्षात सगळं जुळवून ठेवलं होतं: हा कर्करोग नव्हे, घाबरायचं नाही, डॉक्टर दुर्बिणीतून एकदा बघतील. ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"ताई, तुमचा रिपोट आला का? बरा हाय न्हवं?"

"बरा आहे."

"देव पावला," ती म्हणाली. "माझ्या नादानं तुमी घेतला. रोज दिवा लावताना म्हनत हुते, तुमास्नी काय निघू नगं."

मी तिच्या उंबऱ्यावर बसले आणि पिशवीतून बेचाळीस नंबरचा कागद काढला.