राखून ठेवलेली पहिली निवड

रामटेके सरांची आणि माझी पहिली भेट आमच्या जाम गावच्या चौकात, बाबांच्या पंक्चरच्या दुकानासमोर झाली. सर स्कूटरमध्ये हवा भरायला थांबले होते. मी जुन्या ट्यूबा लांबून फेकून खुंटीला अडकवत होते. लागोपाठ तीन अडकल्या, तेव्हा सरांनी बाबांना विचारलं, "पोरगी बास्केटबॉल खेळते का?"

बाबा म्हणाले, "थे काय असते?"

वर्षभर सरांनी मला हिंगणघाटच्या मैदानावर शिकवलं. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या अंकात त्यांच्या शिस्तीबद्दल अनेकजण लिहितील. मला एकाच उन्हाळ्याबद्दल लिहायचं आहे.

मुलींच्या आमच्या उन्हाळी स्पर्धेचे नियम सरांनी अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलवरून घेतले होते. नव्या मुली निवडताना शेवटच्या संघाला पहिली संधी मिळे. एखाद्या संघाला आजच तयार खेळाडू हवी असेल, तर बदल्यात पुढच्या वर्षीची आपली निवड दुसऱ्या संघाला देता येई. वडनेर संघाच्या प्रशिक्षक कुंदाताईंनी आदल्या उन्हाळ्यात एका तयार खेळाडूच्या बदल्यात ती तशी सरांच्या हिंगणघाटच्या संघाला दिली होती. अट एकच होती: वडनेर शेवटी आलं आणि ती निवड पहिली ठरली, तर ती वडनेरकडेच राहील.

वडनेर शेवटी आलं. कुंदाताई मात्र अट विसरल्या होत्या. "सर, पहिला नंबर तुमचा. घ्या तुमच्या पोरीले," त्या म्हणाल्या. सरांनी अट लिहिलेली वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "ताई, हा नंबर तुमचाच हाय." कुंदाताईंनी लगेच माझं नाव घेतलं.

मला रडू आलं. "सर, मले देऊन टाकलं काऊन?"

"तुले नाई दिलं बाई. नंबर त्यायचा होता."

"पण नंबरासंग मीच जाऊन राह्यली ना. मले कोणी विचारलं?"

सरांनी वही पुन्हा उघडली. मग त्याच पानावर त्यांनी लिहिलं, 'मुलीचा होकार नसेल तर निवड धरू नये,' आणि वही माझ्यापुढे ठेवली. "आता सांग."

विचारलं गेल्यावर जाणं तितकं जड वाटलं नाही. मी हो म्हटलं.

घरी बाबा म्हणाले, "वडनेरले कोण नेईन? बस झाला खेळ."

"मी नेतो," सर म्हणाले.

पूर्ण मे महिना ते मला एसटीने वडनेरला नेत. प्रतिस्पर्ध्यांचे डाव दिसू नयेत म्हणून सराव संपेपर्यंत मैदानाकडे पाठ करून कडुनिंबाखाली पेपर वाचत बसत. मुली चिडवायच्या, "सर, पेपर उलटा धरला तुम्ही."

"असू दे. बातम्याही उलट्याच हायेत."

अंतिम सामन्यात आम्ही सरांच्याच संघाला हरवलं. हरलेले सर आधी प्रेक्षकांत बसलेल्या बाबांकडे गेले. "पाह्यलं? थे हे असते."

त्यानंतर माझ्या खेळाला किंवा शिक्षणाला बाबांनी कधी नाही म्हटलं नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आता जामच्या मुलींना शिकवते आणि संघात घेण्याआधी प्रत्येकीला विचारते.

सरांनी आयुष्यभर आपलं उत्तम ते दुसऱ्यांच्या हाती दिलं. येणारी वर्षं तेवढी त्यांनी स्वतःकडे राखून ठेवावीत, निरोगी आणि पुष्कळ. आणि एकदा जामच्या मैदानावर यावं, तोंड आमच्याकडे करून बसावं.