सुखदेवची अर्धी भिंत

सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिंपळगाव राजाला पुतणीच्या घरी जेवत होतो. फोन रेखाताईंचा. आमच्या गावच्या नगर कला समितीवर त्या आहेत, शाळेत संगीत शिकवतात, आणि त्यांचा फोन मला येण्याचं एरवी काहीच कारण नव्हतं. "सर, सुखदेवभाऊ सकाळी गेले. अॅटॅक आला." एवढंच बोलल्या. खरं सांगतो, मला आधी दुःख झालं नाही, राग आला. म्हटलं, असा कसा गेला हा माणूस? आमचं भांडण अजून मिटायचं होतं! पुतणी विचारत होती, काका, काय झालं... आणि मी वरणात कालवलेला भात तसाच चिवडत बसलो होतो.

दीड महिना झाला त्याला. ओळखीचे लोक म्हणतात, तुम्ही त्याचे शाळेपासूनचे मित्र, तुम्हीच लिहा. लिहितो. पण चांगलंचुंगलं लिहून मोकळा होणार नाही, कारण या गोष्टीत माझं फारसं चांगलं दिसत नाही.

सुखदेव मूळचा देऊळघाटचा. बुलढाण्याला शिकायला आला आणि माझ्या शेजारच्या बाकावर बसला. मी कोर्टातल्या कारकुनाचा मुलगा, भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलेला. तो शेतातून उठून आलेला. मला चित्र यायचं, त्याला चित्र बघता यायचं. हा फरक मला फार उशिरा कळला. पुढे मी आमच्या या तालुक्याच्या गावी चित्रकलेचा मास्तर झालो आणि तो इथंच पालिकेत पाणीपुरवठ्याच्या टेबलावर लागला. पालिकेनं कला समिती काढायची ठरवली तेव्हा सचिव व्हायला कोणी तयार होईना. ज्याला नाही म्हणता येत नाही अशा माणसाच्या गळ्यात असली कामं पडतात, तशी ती सुखदेवच्या गळ्यात पडली. सकाळी नळाच्या तक्रारी, दुपारनंतर कला. वाचनालयाच्या माडीवर एक खोली मिळाली, सात खुर्च्या मिळाल्या, त्यातल्या एकीवर मी, आणि समिती सुरू झाली.

लोकांना वाटतं समिती म्हणजे हारतुरे आणि फोटो. सुखदेवनं तिचं पार वेगळं करून टाकलं. खेड्यावरच्या दंडारीच्या पार्टीला गावात नाचायचं असलं, की मैदान, मंडप, माईक, पोलिसांची परवानगी, सगळं तो करायचा. त्या लोकांना एका कचेरीचा उंबरा झिजवू द्यायचा नाही. कोणाला भिंत रंगवायची असली तर भिंतीच्या मालकाची संमती आणून द्यायचा, परांची बांधून द्यायचा, रंग द्यायचा. आणि त्याचा एक कायदा होता, आधी खेळ आणि मग भाषण. एकदा संध्याकाळच्या कार्यक्रमाला एक पुढारी आले, आल्या आल्या माईकला हात घातला. सुखदेव हात जोडून म्हणाला, "सायब, या लोकाइनं पायात घुंगरू बांधले आहेत. बांधल्यावर बसून राहणं लय कठीण असते. तुमी बसा थोडे." आणि ते बसले हो! दीड तास बसले, शेवटी टाळ्याही वाजवल्या. मी मागं उभा राहून हसू दाबत होतो. आपला मित्र आहे म्हणून छाती फुगली होती.

आता भांडणाचं सांगतो. बाजाराला लागून, बसथांब्यापाशी, एक लांबच लांब भिंत आहे. समितीनं ती मला दिली. बारा वर्षं मागं लागलो होतो मी तिच्या. सगळ्या भिंतीला आधी पांढरा हात मारून घेतला आणि उजवीकडून सुरुवात केली. विषय कापूसवेचणी. आपल्याकडं दुसरं काय काढणार? महिनाभर खपलो. लाल-हिरवी लुगडी, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत शिगोशीग पांढराशुभ्र कापूस, सगळ्या बाया हसतायत. माझ्या मते माझं आयुष्यातलं सर्वांत मोठं काम. बाजाराच्या दिवशी मी ऐटीत तिथं जाऊन उभा राहिलो, कौतुक ऐकायला.

बसची वाट बघणाऱ्या बायांत कौसाबाई होती. शेजारच्या खेड्यातली, जन्म कापूस वेचण्यात गेलेला. तिनं चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "काहो मास्तर, या बाया कापूस येचून राह्यल्या का टोपल्यात मोगरा घेऊन लग्नाले चालल्या?"

अख्खा थांबा हसला. कमरेला फडकं बांधून त्याच्या ओटीत कापूस भरतात, वाकून वाकून पाठीचा काटा ढिला होतो, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघतात, हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. मला नव्हतं. मी कधी कापसाच्या ओळीत उभाच राहिलो नव्हतो. पण ते हसले त्याचं मला एवढं लागलं नाही. माझ्या बाजूला सुखदेव उभा होता, तोही हसला. पोट धरून हसला मेला!

दुसऱ्या दिवशी मी परांचीवर चढलो तर खाली हा चार बायांना घेऊन हजर. कौसाबाई पुढं, कमरेला फडकं बांधून. "मास्तर, याइले समोर उभं कर अन् दुरुस्त करून टाक. एका दिवसाचं काम आहे." माझं डोकं फिरलं. मी वरूनच ओरडलो, कला म्हणजे फोटो नव्हे, मी काय या बायांना विचारून ब्रश चालवू? सुखदेव शांतपणे म्हणाला, "हाव. याइलेच विचारा लागते. भिंत तुही नाही अन् माही बी नाही. रोज पाहाचं त्याइले आहे." मी ब्रश फेकला. डबा लाथाडला. समितीचा राजीनामा तिथंच तोंडी दिला आणि घरी आलो. भिंत अर्धी राहिली. त्यानंतर अकरा वर्षं मी त्या रस्त्यानं गेलो नाही. बाजाराला जायचं तर तहसीलच्या मागच्या बोळातून, नाकावर रुमाल धरून... लाज वाटायची. राग म्हणत होतो, पण लाजच होती ती.

तो दोनदा घरी आला. एकदा मी झोपलोय म्हणून सांगायला लावलं, दुसऱ्यांदा खरोखरच झोपून राहिलो. शेवटची भेट गेल्या वर्षीची, बुलढाण्याच्या स्टँडवर. वाळला होता. माझ्याजवळ येऊन, जसं काही कालच भेटलोय अशा आवाजात म्हणाला, "काऊन बे, तब्येत बरी हाय ना? भिंत अर्धी राह्यली आपली." मी म्हटलं, दुसरा चित्रकार बघ. तो म्हणाला, "पाहूनच राह्यलो. भेटत नाही." मला वाटलं, टोमणा मारतोय. माझी गाडी लागली आणि मी चढलो. खिडकीतून हातसुद्धा केला नाही. आज तो हात मला फार जड झालाय.

शोकसभेला वाचनालयाच्या माडीवर गेलो. मागच्या खुर्चीवर बसणार तेवढ्यात रेखाताई माझ्याजवळ आल्या. त्या रागावलेल्या होत्या. "सर, एक विचारू? दर बैठकीत त्या अर्ध्या भिंतीचा विषय निघायचा. शिकवणीवाल्यांना जाहिरातीला पाहिजे, कोणाच्या वाढदिवसाला पाहिजे, दोन नवे चित्रकारही मागून गेले. भाऊ दर वेळी म्हणायचे, ती मास्तरची आहे, मास्तर येतो म्हणलेत. तुम्ही खरंच येतो म्हणाला होतात का?"

काय सांगू? नाही म्हटलं तर तो खोटारडा ठरतो आणि हो म्हटलं तर मी. मी म्हटलं, "येतो." आणि मान खाली घालून रडलो. सत्तरीला टेकलेला माणूस, पोरासारखा हमसून रडलो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी रंगाचे डबे घेऊन भिंतीशी गेलो. उजवी बाजू उन्हानं विटली होती, पण टोपल्या जिथल्या तिथं. माझ्या कामाला कोणाला हात लावू दिला नव्हता त्यानं. कौसाबाई तिथंच होती, आता काठी टेकत. मी हात जोडले, म्हटलं, माय, सांगा कसं ते. ती तिथंच फडकं बांधून उभी राहिली. इतर बायांनी मधे आपापलं तोंड घातलं, "गाठ मागून नाही हो, बाजूले", "अन् हसून काऊन राह्यली हे? उन्हात कोणी हसते का?" दोन बाजारांत टोपल्या गेल्या, ओट्या आल्या, बाया वाकल्या. कौसाबाई म्हणाली, "आता पाठ दुखल्यासारखी दिसते." एवढी पावती मला जन्मात कोणी दिली नव्हती.

मग डाव्या, कोऱ्या अर्ध्याकडं वळलो. त्यावर पत्र्याची सावली आहे, म्हणून थांब्याचे लोक तिथं टेकून बसतात. मी मारलेल्या पांढऱ्या हातावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एका रांगेत तेलाचे काळपट डाग पडले होते. तेलावर रंग धरत नाही. मी पॉलिश पेपर काढला आणि कडेच्या डागापासून घासायला बसलो.

"मास्तर, थांबा," कौसाबाई म्हणाली. "ते नका घासू. ते सुखदेवभाऊचं हाय."

मी पेपर भिंतीवरून काढला.

"दर बजाराले इथंच टेकून बसाचे. कोणी पोस्टर चिकटवाले आलं की उठाचे, पुन्हा बसाचे. म्या एकदा इचारलं, भाऊ, गाडीत तं बसत नाही, मंग कोणाची वाट पाहता? तं म्हणे, मास्तरले बजाराले याच रस्त्यानं या लागते. आज ना उद्या येतीन."

पॉलिश पेपर खिशात घातला. चित्र मी आता त्या डागांच्या वरच्या जागेतच काढतोय, खालची जागा टेकणाऱ्यांची. त्या दिवशी मात्र काहीच काढलं नाही. कडेच्या डागाशेजारी टेकून बसलो आणि बाजार उठेपर्यंत त्याच्यासारखा रस्त्याकडं बघत राहिलो. तिथून सगळा रस्ता दिसतो. तहसीलच्या मागचा बोळ तेवढा दिसत नाही.