बसऱ्याची बातमी

एकाहत्तरच्या डिसेंबरात चौदा दिवस आसगावात चिंधू चपराशी हा सरपंचांपेक्षा मोठा माणूस होता. ग्रामपंचायतीचा रेडिओ त्याच्या ताब्यात, पेटीची किल्ली त्याच्या करगोट्याला, आणि बातम्या संपल्या की त्यांचा अर्थ सांगायचा मक्ताही त्याचाच. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, अर्ध्यावर टाकून माणसं यायची. पॅटन, सेबर, मिग ही रणगाड्या-विमानांची नावं चिंधूच्या तोंडी अशी बसली होती, जशी काही त्याच्याच गोठ्यातली जनावरं. काठीने पंचायतीच्या अंगणात रेघा ओढायच्या, ही धानाची बांधी आपली, ती बांधी त्यांची, हा मधला धुरा म्हणजे सरहद्द, आणि आपले रणगाडे धुरा फोडून कुठून घुसले ते दाखवायचं, असा त्याचा खाक्या होता.

आपली फौज हेलिकॉप्टरांतून मेघना नदीपार उतरल्याची बातमी आली, त्या दिवशी तर तो नुसता पेटला होता. "पवनीच्या घाटावरून पुरात वैनगंगा जेवढी दिसते ना, तिच्या चौपट नदी धरा," तो म्हणाला, "अन् वरून पाखरावाणी माणसं उतरवले." मारोतराव सरपंच स्वतःच्या खुर्चीवरून उठले आणि त्यांनी त्याला तिथे बसवलं.

मग पाकिस्तानी फौज शरण आली, गावात पेढे वाटले गेले. दुसऱ्या संध्याकाळी चिंधू ठरल्या वेळी काठी घेऊन उभा राहिला, तर पंचायतीच्या ओट्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. यात हसण्यासारखं काही नाही. बायको बाळंतपणात गेली त्याला सात वर्षं झाली होती, मूलही वाचलं नव्हतं. त्या चौदा दिवसांत मात्र आपण एकटे आहोत हे त्याला एकदाही आठवलं नव्हतं. लढाई संपल्याचं साऱ्या देशाला बरं वाटलं आणि या एकाला वाईट वाटलं. वाईट वाटतंय याची त्याला लाजही वाटली.

त्र्याहत्तरात अरब आणि इस्रायल यांच्यात जुंपली. खांद्यावर धरून नेण्याएवढ्या क्षेपणास्त्राने अख्खा रणगाडा फुटतो, हे सांगायला तो चहाच्या टपरीवर गेला. लोक म्हणाले, "चिंधू, धानाले तुडतुडा लागला आहे इथं. तुवा रणगाडा तिकडं ने." तेव्हापासून तो गप्प झाला. रद्दीतून तोफा-विमानांची चित्रं कापायची, वहीत चिकटवायची, पल्ला किती आणि वजन किती ते खाली लिहायचं, आणि एकट्यापुरता भात रांधून झोपायचं, अशी त्याची वर्षं गेली. पंचायतीचा रेडिओ केव्हाच मुका झाला होता. चिंधूने स्वतःचा ट्रान्झिस्टर घेतला होता.

ऐंशीच्या सप्टेंबरात इराण आणि इराक यांच्यात लढाई सुरू झाली. तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी कौशल्याबाई त्याच्या दारात उभी होती. मागच्या गल्लीतली ही विधवा. तिचा एकुलता मुलगा धनीराम वर्षभरापूर्वी एका एजंटाच्या ओळखीने इराकात गवंडीकामाला गेला होता.

"भाऊजी, धनीराम बसऱ्याले आहे," ती म्हणाली. "तिकडं लढाई लागली म्हणतेत. तुमच्या रेडिओत काय सांगून राहिले?"

चिंधूने तिला पोतं अंथरून दिलं. ती रोज येऊ लागली.

त्यानंतर चिंधूचं अंगण दोन वेळा झाडलं जाऊ लागलं. ती यायच्या आत तो स्वयंपाक उरकायचा, धुतलेला सदरा घालायचा. ती कधी आंबाडीच्या भाजीची वाटी आणायची, कधी नुसतीच यायची आणि उंबरठ्याशी पाय पोटाशी घेऊन ऐकायची. चिंधूही माणूसच होता. सगळं एकाच दिवशी सांगून टाकलं तर उद्या ती कशाला येईल, हे त्याला फार लवकर कळलं. मग तो बातमी पुरवून पुरवून सांगू लागला. "इराणच्या तोफा बसऱ्याकडं तोंड करून आहेत. आता उद्या काय होते ते पाहू." ती उद्या यायचीच.

एक्क्याऐंशीच्या जानेवारीत त्याला मोठी बातमी मिळाली. इराणचे रणगाडे ओल्या रानात शिरले आणि चिखलात बसले. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, बांधीत बैलाचे पाय जातात तसे. इराकने तिन्ही बाजूंनी मारा करून ते टिपले. चिंधूने अंगणात पाणी ओतून चिखल केला आणि धानाचे दाणे रणगाडे म्हणून त्यात रोवले.

"चिफ्टन म्हणतेत याले. पंचावन्न टनाचं धूड. विलायतेत बनते. पण चिखलात हलते कायचं?"

कौशल्याबाईने जन्मभर चिखलात रोवणी केली होती. ती त्या दाण्यांकडे बघत राहिली.

"आतमंदी माणसं असतेत ना?" तिने विचारलं.

"चार."

"मंग त्यायचं काय झालं?"

दहा वर्षांत चिंधूला हे कुणी विचारलं नव्हतं. एकाहत्तरात आपले इतके, त्यांचे इतके, असे आकडे त्याने रोज खडूने भिंतीवर लिहिले होते आणि लोकांनी टाळ्या पिटल्या होत्या. त्याने वही उघडली. तिच्यात नळीची लांबी होती, पत्र्याची जाडी होती. तो म्हणाला, "ते सांगतलं नाई रेडिओत." ती उठून गेली. ज्या दाण्यांवर ती इतका वेळ डोळे लावून होती, ते वेचताना तो दर दाण्यामागे चार मोजत गेला.

तरीही त्याने तिला येऊ दिलं. ही त्याची चूक, आणि ती लपवायचं कारण नाही. धनीरामचं पत्र चार-चार महिन्यांनी यायचं, त्यात 'मी मजेत आहे, काळजी करू नये' यापलीकडे काही नसायचं. करार पुरा होईपर्यंत त्याला सुटका नव्हती. तिला खरी बातमी फक्त चिंधूकडे मिळायची, आणि चिंधूला माणूस फक्त तिच्यात मिळायचं.

ब्याऐंशीच्या जुलैत इराणी फौज सरहद्द ओलांडून बसऱ्याच्या रोखाने निघाली. त्याच आठवड्यात कौशल्याबाईची जाऊ सुलोचनाबाई चिंधूला पाणंदीत भेटली.

"काल रोवण्यात ते चक्कर येऊन पडली," ती म्हणाली. "खात नाई, झोपत नाई. तुमच्या घरून आली का रातभर बसून राहते. भाऊजी, तुमी तिले काय सांगता?"

संध्याकाळी कौशल्याबाई आली. पोटऱ्यांवरचा चिखलही धुतला नव्हता. डोळे खोल गेले होते. आतल्या खोलीत रेडिओ नुकताच सांगून गेला होता की बसऱ्याच्या पूर्वेला रणगाड्यांची मोठी लढाई जुंपली आहे.

चिंधूने आत जाऊन रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "वहिनी, लढाई संपली."

"खरंच?"

"तह झाला. तोफा मांगं घेऊन राहिले. धनीरामले आता काई भेव नाई."

ती तिथेच पदर तोंडाला लावून रडली. जाताना म्हणाली, "भाऊजी, तुमी होते म्हणून दिवस निघाले." दुसऱ्या दिवशी ती आली नाही, कारण यायचं काही कारणच राहिलं नव्हतं. चिंधूने त्याही दिवशी अंगण दोनदा झाडलं. सवय मोडायला महिना लागला.

धनीराम चौऱ्याऐंशीत धडधाकट परतला आणि नागपुरात कामाला लागला. जाण्याआधी बसस्टँडवर चिंधू भेटला, तेव्हा वाकून पाया पडला. "काका, आईले जे सांगतलं ते बरं केलं," एवढंच म्हणाला आणि गाडीत चढला.

लढाई मात्र चालूच होती. एवढी लांबलेली लढाई चिंधूच्या वहीत दुसरी नव्हती. तो एकटाच ऐकायचा. क्षेपणास्त्रं शहरांवर पडू लागली, विषारी वायू आला. आता तो पल्ला लिहीत नसे. माणसं किती गेली ते कुणी सांगितलं तर तेवढंच लिहायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी रेडिओने सांगितलं, दोन्ही देश लढाई थांबवायला तयार झाले. आठ वर्षांनी. चिंधूला राहवेना. वहाणा न घालताच तो मागच्या गल्लीत गेला. कौशल्याबाई ओसरीवर नागपूरहून आलेल्या नातवाला खेळवत होती.

"वहिनी, इराकची लढाई संपली."

तिने हसून त्याच्याकडे पाहिलं. केस पिकले होते, पण तब्येत चांगली होती.

"ते तं कवाचीच संपली ना भाऊजी. तुमीच तं सांगतलं होतं."

"होय," चिंधू म्हणाला. "मीच सांगतलं होतं."

"बसा, च्या ठेवतो."

"नाई, भात ठेवला आहे चुलीवर," तो म्हणाला. भात ठेवलेला नव्हता. तो गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ थांबला. टपरीवर माणसं होती, पण त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ज्या एका माणसाला ही बातमी सांगावी, तिला ती सहा वर्षांपूर्वीच सांगून झाली होती. मग तो घरी आला आणि त्याने एकट्यापुरते तांदूळ धुवायला घेतले.