खोटा जखमी

फौजेत मी मलमपट्टी करायला कधीच शिकलो नाही. मी शिकलो ते जखमी व्हायला.

मी अकोटकडचा, पायदळातला शिपाई. एका उतारावरून पडून गुडघा कायमचा बिघडला आणि पलटणीतून मला दूर उत्तरेकडच्या एका प्रशिक्षण केंद्रात पाठवलं. जखमींची देखभाल करणारे जवान तिथे तयार होत. त्यांना शिकायला कोणीतरी जखमी लागतोच. शिकवणाऱ्या हवालदारांना आम्ही उस्ताद म्हणायचो. त्यांनी माझं लंगडणं पाहिलं आणि म्हणाले, तू पडून राहा, बाकीचं हे करतील.

सकाळी ते माझ्या अंगावर जखमा रंगवत. लाल रंगात साखरेचा पाक घालत, म्हणजे रक्त घट्ट दिसे. त्या पाकाला माश्या यायच्या आणि बेशुद्ध माणसाला माश्या हाकलता येत नाहीत. कधी माझी मांडी फुटलेली असे, कधी पोट. नवे रंगरूट धावत येत, कापड कापत, पट्टे आवळत, स्ट्रेचरवर घालून खडकाळ मैदानातून नेत. पहिले काही आठवडे ते फक्त जखमेकडे बघत. माझ्या तोंडाकडे कोणी बघत नसे. उस्ताद त्यांना थांबवून सांगत, आधी त्याला सांग तू कोण आहेस, मग काय करणार आहेस ते सांग, मगच हात लाव. खाली पडलेल्या माणसाला हे किती हवं असतं ते मला तिथे उमगलं. कोणी न बोलता थंड कात्री पोटावर टेकवली की खोट्या जखमेतही अंग शहारायचं.

एका तुकडीत धामणगाव रेल्वेचा एक रंगरूट होता. अबोल, हाताने नीट काम करणारा. तो आपल्याकडचा आहे हे मला माहीत होतं, पण आम्ही फारसं बोललो नव्हतो.

एके दिवशीच्या सरावात मी आणि आणखी एक जवान, असे दोघे जखमी होतो. माझी छाती चिरडलेली. जवळच्या सामानात माझ्यावर इलाज नव्हता. पलीकडे झुडपाआड दुसऱ्याच्या पायातून रक्त वाहत होतं. पट्टा आवळला तर तो वाचणार होता. धामणगावचा तो रंगरूट एकटाच येणार आणि त्याने मला सोडून पुढे जायचं, एवढाच धडा होता. मला विनवायला सांगितलं होतं. रोज मी हिंदीतच कण्हायचो. त्या दिवशी तो वाकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मले सोडून जाऊ नको रे भाऊ."

तो खाली बसला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. पलीकडचा ओरडत होता, मग ओरडायचा थांबला. उस्तादांनी शिट्टी वाजवली.

ते रागावले नाहीत. त्यांनी झुडपाआडच्याला उठवून आणलं, त्या पोरासमोर बसवलं आणि म्हणाले, "याच्याकडे बघ. हा घरी गेला असता." पोरगं बघत राहिलं. मग उस्तादांनी मला पुन्हा पडायला सांगितलं. म्हणाले, तुझ्याच बोलीत विनव, काही राखून ठेवू नको.

मी राखलं नाही. आईला हाक मारली, त्याला हाक मारली, त्याची बाही धरली. त्याने माझ्या छातीवर हात ठेवला, मी परत येतो असं सांगितलं, एकेक करून माझी बोटं सोडवली आणि गेला. पाठीखालच्या जमिनीतून त्याच्या बुटांचा आवाज लांब जाताना मला कळत होता. नंतर चहाला आम्ही शेजारी उभे होतो.

काही वर्षांनी मी निवृत्त झालो, अमरावतीत घर केलं, एका शाळेत पहारेकरी म्हणून लागलो. एका उन्हाळ्यात दुपारी फाटक वाजलं. तोच होता, सुटीवर आलेला, अंगाने भरलेला. कुठून तरी पत्ता काढला होता. बायकोने रस आणि पोळ्या वाढल्या. तो जेवला, शेतीचं बोलला, धामणगावच्या घरचं बोलला. हात धुऊन आला आणि मग त्याने मूळ गोष्ट काढली.

डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली होती. त्याला फक्त खरचटलं. चालक गाडीखाली छातीपर्यंत दबलेला होता, शुद्धीत होता. दुसरा बाहेर फेकला गेला होता, त्याचा पाय फाटला होता. चालक आपल्या भाषेत काहीतरी सारखं सांगत होता. याला ती भाषा येत नव्हती. याने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि दुसऱ्याकडे गेला. परत आला तेव्हा चालक गेला होता.

एवढं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "भाऊ, तुमी खाली पडून होते अन् मी उठून गेलो. तवा तुमाले काय वाटलं?"

हा प्रश्न विचारायला त्याला जगात दुसरं कोणी नव्हतं. त्याला बरं वाटेल असं काही सांगावं, असं मला फार वाटलं. पण ते जमलं नाही.

"मी खोटा होतो रे बाबू," मी म्हणालो. "मले माहीत होतं, शिट्टी वाजली का उठाचं अन् चहा प्याचा. त्याचं मी कसं सांगू?"

त्याने मान हलवली. मी पुढे म्हणालो, "पन पयल्या वेळी तू हात धरून बसला, तवा मले बरं वाटलं. अन् तिकडचा ओरडून राहिला होता, थे बी ऐकू येत होतं. दोन्ही खरं हाय."

ज्याचा पाय बांधला तो कसा आहे, असं मी विचारलं. वाचला म्हणे, गावी असतो, काठीने चालतो. त्याचे फोन येतात, पण हा उचलत नाही. काय बोलायचं ते कळत नाही.

"उचल," एवढंच मी म्हणालो. संध्याकाळच्या बसला मी त्याला स्टँडवर सोडलं.

पावसाळ्यात त्याचा फोन आला. बोलला होता त्या माणसाशी. दरीतलं त्याला जवळपास काहीच आठवत नव्हतं, चालकाचा आवाजही नाही. कोणीतरी आपल्या बुटाची नाडी कापली आणि पावलाला गार हवा लागली, तेवढंच त्याच्या ध्यानात होतं. मग दोघांनी मिळून चालकाच्या घरी जायचं ठरवलं. तिकिटं काढली होती. तिथे काय बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं. या वेळी ते त्याने मला विचारलंही नाही.