लाभ, दोन, तीन

शून्य नंबरच्या खणात पहिली वस्तू कशी असू शकते, हे मला संगमनेरच्या कॉम्प्युटर क्लासात महिनाभर कळलं नाही. ॲरे म्हणजे एकाच नावाचे, ओळीनं लावलेले खण, इथवर ठीक होतं. पण पहिल्या खणाला शून्य का म्हणायचं, असं विचारलं की सर म्हणायचे, ‘तसंच असतं.’ मला भयंकर राग यायचा. त्यांनाही ते कळलेलं नव्हतं, असा माझा आजही संशय आहे.

राग मला परवडणारा नव्हता. प्रॅक्टिकल पास झाले तर पुढं शिकायचं, नाही तर घरी बसायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. त्यांना आम्ही आबा म्हणायचो.

दिवाळीनंतर अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या आमच्या गावी गेले, तेव्हा खळ्यावर भात मोजणं चाललं होतं. आबा पायली भरून पोत्यात ओतत होते आणि मोठ्यानं म्हणत होते, लाभ, दोन, तीन. पहिल्या मापाला आमच्याकडं एक म्हणत नाहीत, शकुन म्हणून लाभ म्हणतात. लहानपणापासून हे कानावर होतं, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिल्याला एक म्हणायचंच नसतं. आपण लाभ म्हणतो, कॉम्प्युटरवाले शून्य म्हणतात, एवढंच. मी मनातल्या मनात सरांची यथेच्छ टिंगल केली.

प्रॅक्टिकलला पाच दिवसांचा पाऊस ॲरेत भरून पडद्यावर दाखवायचा होता. पहिला दिवस मी शून्य नंबरच्या खणात टाकला, दुसरा दोनच्या, तिसरा तीनच्या आणि असंच पाचव्यापर्यंत. पहिल्या दिवसाचा आकडा बरोबर आला. दुसऱ्या दिवसापुढं एवढा पाऊस दिसला की तेवढा घाटघरलाही कधी पडला नसेल. खण शून्य ते चार असे पाचच होते, त्यामुळं पाचव्या दिवसाचा तर पत्ताच नव्हता. परीक्षकांनी विचारलं, एक नंबरचा खण रिकामा ठेवून त्यात भलताच आकडा का येऊ दिला? पायलीची गोष्ट त्या परक्या माणसाला कुठून सांगायची? मी नापास झाले.

घरी आले तेव्हा उशिराच्या भाताची मोजणी सुरू व्हायची होती. खळ्यावरच आबांना सगळं सांगून टाकलं.

‘मग आमचं मोजनं चुकीचं हाय?’ त्यांनी विचारलं.

‘न्हाई आबा. पण तिथं लाभानंतर एक येतो.’

त्यांनी हातातली पायली खाली ठेवली.

‘म्हंजी तू माझं ऐकून नापास झाली. जा परत. आजून एकदा दे परीक्षा.’

मला रडू कोसळलं. त्यांचा यात काही दोष नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

आबांनी पायली भरली. ‘लाभ,’ म्हणाले, माझ्याकडं पाहिलं आणि दुसऱ्या पायलीला जरा अडखळत ‘एक’ म्हणाले. पोतं धरून बसलेला चुलता खडे टाकून मोजत होता. शेवटी आबांचे एकोणीस झाले आणि त्याचे वीस. दोघांचं जुंपलं. बरोबर कोण, म्हणून मला विचारलं, तर मी म्हणाले दोघंही. त्यावर चुलता माझ्यावरच उखडला. अखेर पोतं रिकामं करून पुन्हा मोजायचं ठरलं.

आबांनी पुन्हा सुरुवात केली. लाभ, एक, दोन.