सोळा मात्रांचा थांबा

गोंदियात लग्न म्हटलं की उदाराम मास्तरचा बॅन्ड. माणूस क्लॅरिनेटवर पक्का, पण डोकं गरम. ताल चुकला म्हणून एकदा त्यानं भर वरातीत बॅन्ड थांबवून सगळ्यांना झापलं, अन् तोवर नवरदेव घोड्यावर ताटकळत.

शहराच्या महोत्सवासाठी आयोजक ईश्वरदास शेठनं त्याला गावाच्या इतिहासावर धून बसवायला सांगितली. मास्तरचा बाप छोट्या लाईनच्या, अरुंद रुळांवरच्या आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकायचा. तीन महिने खपून मास्तरनं तीच गाडी बॅन्डवर चढवली. ढोल चाकं फिरवी, ट्रम्पेट शिटी देई, क्लॅरिनेट जंगलातून नेई. अन् मधात सारा बॅन्ड गप्प. मोजून सोळा मात्रा. इंजिन पाणी घेते अन् तेवढ्यात मोहाच्या टोपल्या, तेंदूपानाचे गठ्ठे घेऊन बाया डब्यात चढतात. त्यांच्यासाठी गाडी थांबे म्हणून गोंदियाचा बाजार वसला, असं मास्तरचं म्हणणं.

तालमीला शेठ बोलला, "बीच में ये बंद काऊन पडते? काढून टाका."

"गाडी थांबून राहिली जी."

"लोकांले वाटंल, विसरले."

"वाटू द्या."

महोत्सवाच्या सकाळी मोठे साहेब अन् बाकीचे पाहुणे सोफ्यावर बसले. गाडी निघाली, थांबा आला, बॅन्ड गप्प झाला. तसा निवेदक ओमेश, धून संपली समजून, माईकवर ओरडला, "जोरदार तालियाँ!" टाळ्या पडल्या.

मास्तरची कानशिलं तापली. "पहिल्यापासून!"

ढोलवाला श्यामलाल कुजबुजला, "मास्तर, पाहुणे बसले आहेत ना जी."

"पाहुणे गेले खड्ड्यात. वाजव."

दुसऱ्यांदा सहाव्या मात्रेला ओमेश परत बोलला, "तो दोस्तों..."

"पहिल्यापासून!"

शेठ धावत मंचावर चढला. "दिमाग फिरला का? साहेबांले कोहमाऱ्याले दुसऱ्या कार्यक्रमाले निघायचं आहे."

"मंग निघू द्या ना. गाडी त्यायच्यासाठी नाही थांबून राहिली."

"पुढच्या साली बोलावणार नाही, सांगून ठेवतो!"

"नोका बोलावू. तुमच्या भाषणात मी कधी ढोल वाजवला काय? मंग माझ्या धुनीत तुमचा भोंगा कायले?"

साहेब उठले. शेठ अन् ओमेश त्यांच्या मागं धावले, त्यांच्या मागं निम्मे लोक. मास्तरनं तिसऱ्यांदा गाडी सोडली.

या वेळी माईकवर कोणी नव्हतं. थांबा आला. मंडपवाल्याचा गडी खुर्च्या उचलत होता, त्याच्याकडं मास्तरनं असं पाहिलं की तो चार खुर्च्या डोक्यावर घेऊन तसाच थिजला. सोळाच्या सोळा मात्रा पुऱ्या झाल्या. मग ढोल पडला अन् गाडी शेवटच्या स्टेशनाला लागली.

श्यामलाल घाम पुसत हसला, "झालं ना मास्तर, तुमच्या मनासारखं?"

"काय झालं बे?" मास्तर खेकसला. "ज्यायले ऐकवाचं होतं, थे तं पळाले!"

अन् त्यानं क्लॅरिनेटच्या पेटीचं झाकण आदळलं.