भुलीतला ताप

मी मोटार रिवाइंडिंगचा धंदा करतो. जळलेला पंप समोर आला की तो का जळला ते मला उघडून दाखवता येतं. कारण सापडत नसेल तर आपण अजून नीट शोधलेलं नाही, असंच मी आजवर मानत आलो. त्यामुळे अंगात येणं, चाहूल लागणं, स्वप्नात येऊन कुणी सांगणं... इथे ग्रुपवर लोक लिहितात ते मी वाचायचो आणि पुढे जायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय, जरा अवघडल्यासारखं होतंय. पण डोक्यातून जात नाही. नावं बदलली आहेत, बाकी सगळं घडलं तसंच.

आम्ही नागावला राहतो — मी, बायको संगीता आणि मुलगी सई, तेव्हा अकरा वर्षांची. दुकान अलिबागला. मूळचे आम्ही म्हसळ्याकडचे. वडील गेले, आता तिकडे माझी द्वारकाआत्या असते, वडिलांची थोरली बहीण. तिचा मुलगा मुंबईत नोकरीला, त्यामुळे घरी ती आणि तिची सून, वैशालीवहिनी, दोघीच.

गेल्या हिवाळ्यात सई किनाऱ्याच्या रस्त्यावर सायकलवरून पडली. वाळूवर चाक घसरलं आणि कोपराचं हाड मोडलं. अलिबागच्या एका हॉस्पिटलात नेलं. तार घालून हाड बसवावं लागेल, पूर्ण भूल द्यावी लागेल, असं सांगितलं. भूल देणाऱ्या मॅडम आदल्या दिवशी येऊन सगळं विचारून गेल्या — दमा आहे का, अ‍ॅलर्जी आहे का, घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का? मी म्हटलं, नाही. मला खरंच तसं काही माहीत नव्हतं.

आत्याला आम्ही काहीच कळवलं नव्हतं. तिला बीपी आहे. "घरी आलो की सांगू, नाहीतर उगाच जेवण सोडून बसतील," संगीता म्हणाली. सायकलवरून पडल्याचंसुद्धा सांगितलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

सकाळी सईला आत नेलं. दार बंद झालं आणि मला एका जागी बसवेना. पाण्याच्या कूलरपर्यंत जायचं, परत यायचं... संगीता दोनदा म्हणाली, "बसा हो जरा." बसलो की पाय हलायला लागायचे. तेवढ्यात फोन वाजला. वैशालीवहिनी.

"भावजी, आईंची दातखीळ बसलीय! वालाच्या शेंगा सोलत व्हत्या, बोलता बोलता तोंडच मिटलं. अंग नुसतं भाजतंय. हातपाय लाकडासारखे झालेत."

"डॉक्टरकडे न्या ना मग! धनुर्वात असेल..."

"रिक्षा बोलावलीय. पण त्या बसत न्हाईत रिक्षात. मिटल्या दातांतून तुमचंच नाव घेतायत, फोन लाव म्हणून खुणा करतायत."

खरं सांगतो, मला राग आला. इथे माझी मुलगी आत, आणि मी अलिबागहून करणार काय? पण वहिनींनी फोन आत्याच्या तोंडाशी धरला होता. आधी नुसताच श्वास ऐकू आला. मग दातांतून दाबून आलेला आवाज —

"पोर... कुठं हाय?"

"घरी आहे," मी ठोकून दिलं.

"न्हाय. भूल... भूल बंद कर. गजासारखी... जळंल."

गजा म्हणजे गजाकाका, वडिलांचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांचा असताना तापाने गेला, एवढंच आम्हाला माहीत. भिंतीवर एक फोटो, बाकी त्याचं नाव घरात कुणी काढायचं नाही.

"आत्या, काका तापाने गेला ना?"

"भुलीतला ताप," ती म्हणाली. "टेबलावर."

आणि पुढे नुसतीच घरघर.

मी विचार केला वगैरे काही नाही. ऑपरेशन थिएटरचं दार दोन्ही हातांनी बडवायला लागलो. संगीता ओरडली, "अहो, काय करताय?" सिस्टरने दार उघडलं. मी म्हटलं, "मॅडमना सांगा, माझा काका भूल दिल्यावर तापून गेला. आत्ताच्या आत्ता सांगा." ती मला हाकलून देईल असं वाटलं होतं. तिने हाकललं नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि वळून माझं वाक्य जसंच्या तसं आत ओरडून सांगितलं.

त्यानंतर जी पळापळ सुरू झाली... मॅडम बाहेर आल्या तेव्हा मास्क गळ्यात लोंबत होता.

"हे काल का नाही सांगितलंत?"

"मलाच आत्ता कळलं."

"गॅस बंद केलाय, ऑपरेशन थांबवलंय. अंग तापत चाललंय तिचं. यावर एकच औषध आहे, ते इथे नाही, मुंबईहून निघतंय. तोवर तिला थंड ठेवायला हवं. आमच्याकडचा बर्फ पुरणार नाही."

मी बाईक काढली आणि बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यावर गेलो. बोटींना बर्फ देतात तिथे. तिथल्या माणसाने लादी ओढता ओढता विचारलं, "मासळी किती हाय?"

"मासळी न्हाय," माझ्या तोंडून गावची भाषा आली, "पोर हाय."

त्याने लादी फोडून गोणीत भरली आणि तीच गोणी धरून माझ्या मागे बसला.

औषध दुपारनंतर पोचलं. तोपर्यंत मासळीचा वास मारणारा तो बर्फ पिशव्यांत भरभरून सईच्या काखेत, मांड्यांजवळ ठेवत होते. संध्याकाळी ताप उतरायला लागला. लघवी काळ्या चहासारखी होत होती, ती निवळायला दोन दिवस गेले. पण पोर वाचली.

मॅडमनी मग आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. हा दोष घराण्यात असतो, आईबापाकडून मुलांत येतो. माणूस जन्मभर धडधाकट राहतो, त्याला पत्ताही नसतो. भुलीचा ठरावीक गॅस किंवा ठरावीक इंजेक्शन मिळालं की मात्र स्नायू आखडतात आणि शरीर आतून पेटतं.

"नळी घालताना तिचा जबडा कडक लागला," त्या म्हणाल्या. "मग मॉनिटरवरचे आकडे चढायला लागले. मी अजून दुसरी कारणं तपासत होते. तुमचा निरोप आला आणि तपासणं सोडून थेट गॅस बंद केला. उशीर झाला असता तर..."

"जबडा?" मी विचारलं. आणि आत्याचं सगळं सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हा दोष तुमच्या आत्यातही असू शकतो. पण घरी शेंगा सोलताना असं होत नाही. आणि फोनवर त्या जे बोलल्या... त्याबद्दल मी काय सांगणार?"

तिकडे म्हसळ्याला डॉक्टरच्या दारात आत्याचं तोंड आपोआप उघडलं होतं. ताप मोजला तर नाही. धनुर्वाताचं लक्षण नाही. फोनवर बोलल्याचं तिला काहीही आठवत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, कुणीतरी सांगितलं असेल. मीही तेच धरून बसलो होतो. संगीताने स्टेटस टाकला नव्हता. नातेवाइकांपैकी कुणाला माहीत नव्हतं. वहिनींना तर सई हॉस्पिटलात आहे हे माझ्याकडूनच कळलं, तेही दुसऱ्या दिवशी.

काही दिवसांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात, त्या गॅसशिवाय, वेगळी औषधं देऊन सईचं कोपर बसवलं. आत्या हट्टाने आली. बाकावर माझ्या शेजारी बसून तिने गजाकाकाचं पहिल्यांदा सांगितलं. टॉन्सिलचं ऑपरेशन होतं. ती तेव्हा तेरा वर्षांची, आजोबांबरोबर बाहेर बसलेली.

"भाईर आणला नि मी हात लावला, तर चटका बसला रं. तोंडात पाणी घालायचं तर दात उघडंनात. बाबा म्हनले, घरी ताप सांगायचा. मायनंच हट्टानं धाडला व्हता त्याला, तिला सोसलं नसतं. मग तोच ताप ऱ्हायला..."

मी ऐकत होतो, पण माझं लक्ष थिएटरच्या दाराकडे नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ हलतायत ना, दात उघडतायत ना... मध्येच ती गप्प झाली.

"आत्या!" मी तिचा दंड धरला.

"अरं, काय झालं? वाईच दम घेते."

"बोलत राहा," मी म्हटलं. "काहीही बोल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पाऊस, सुपारीचा भाव, वैशालीवहिनींचं माहेर... जे सुचेल ते बोलत राहिली. सईला बाहेर आणेपर्यंत मी तिचं तोंड बंद होऊ दिलं नाही.

सईची आणि माझी तपासणी झाली. दोघांतही तो दोष निघाला, आता दोघांच्या पाकिटात भुलीचा धोका लिहिलेलं कार्ड असतं. आत्या तपासायला तयार नाही. तो आजार आमच्यापर्यंत कसा आला ते कळलं — रक्तातून. त्या सकाळचा निरोप कशातून आला, ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. आत्यासुद्धा.